विधेयक १२२ वे, दुरुस्ती १०१ वी

वस्तू व सेवा करासाठी झालेल्या घटनादुरुस्तीला दोन क्रमांक आहेत. संसदेत ती १२२ व्या घटनादुरुस्तीचे विधेयक म्हणून आली आणि राज्यघटनेत १०१ वी दुरुस्ती म्हणून दाखल झाली. यात मुद्रणदोष नाही. विधेयकाला क्रमांक मिळतो तो मांडताना, दुरुस्तीला मिळतो तो राष्ट्रपतींच्या संमतीनंतर. आणि मांडलेली सर्वच विधेयके तिथवर पोहोचत नाहीत. याच कराचे आधीचे विधेयक, क्रमांक ११५, मार्च २०११ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते अर्थविषयक स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवाल ऑगस्ट २०१३ मध्ये आला आणि २०१४ मध्ये पंधरावी लोकसभा विसर्जित होताच ते विधेयक आपोआप संपले. लोकसभेत प्रलंबित राहिलेल्या विधेयकाचे आयुष्य त्या लोकसभेइतकेच असते.

व्यापारी कुटुंबांत या कराविषयी बोलणे पुष्कळ होते. पण ते दर, विवरणपत्रे आणि नोटिसा यांविषयी. कायदा घडत असताना त्यातील एखादा शब्द कोणत्या टप्प्यावर बदलता येतो, हा विषय बैठकीत क्वचितच निघतो. वास्तविक एका टक्क्याची हकीकत प्रत्येक पेढीवर ठाऊक असायला हवी.

नवे विधेयक १९ डिसेंबर २०१४ रोजी लोकसभेत मांडले गेले. मांडणे हे पहिले वाचन. त्या वेळी सहसा चर्चा होत नाही. दुसऱ्या वाचनात प्रथम तत्त्वाची चर्चा होते, विधेयक समितीकडे पाठवायचे की नाही ते ठरते, मग एकेका खंडावर आणि त्यावरील दुरुस्त्यांवर मतदान होते. तिसऱ्या वाचनात उरते ते केवळ संपूर्ण विधेयक स्वीकारणे वा नाकारणे. या विधेयकात एक तरतूद अशी होती की, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मालावर एक टक्क्यापर्यंत अतिरिक्त कर लावावा आणि तो माल जिथून निघाला त्या राज्याला द्यावा. उत्पादक राज्यांचा महसूल बुडेल ही भीती त्यामागे होती आणि महाराष्ट्रही त्या राज्यांत होता. मात्र ‘पुरवठा’ हा शब्द मोकळाच राहिला होता. इचलकरंजीच्या व्यापाऱ्याने बेळगावच्या स्वतःच्याच दुकानी कापड धाडले, विक्री झालीच नाही, तरी तोही पुरवठाच ठरू शकत होता. एकसंध बाजारपेठेसाठी आणलेल्या कायद्यातच राज्याच्या सीमेवर नवा जकात नाका उभा राहत होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

६ मे २०१५ रोजी लोकसभेने हे विधेयक त्या टक्क्यासह मंजूर केले. गाडी अडली ती राज्यसभेत. साधे विधेयक दोन सभागृहांत अडले तर संयुक्त बैठक बोलावता येते. आजवर ती केवळ तीन विधेयकांसाठी, १९६१, १९७८ आणि २००२ मध्ये झाली. घटनादुरुस्तीला ती वाट नाही. प्रत्येक सभागृहात स्वतंत्रपणे एकूण सदस्यांचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश मत मिळालेच पाहिजे. राज्यसभेत सरकारपाशी ते संख्याबळ नव्हते. त्यामुळे विधेयक त्या सभागृहाच्या प्रवर समितीकडे गेले. भूपेंद्र यादव तिचे अध्यक्ष होते.

वृत्तपत्रांत गाजते ते सभागृह. समितीची खोली बातमीत फारशी येत नाही. परंतु राज्यांचे अधिकारी, व्यापारी व उद्योजकांच्या संघटना आणि जाणकार यांचे म्हणणे शांतपणे ऐकले जाते ते तिथेच, आणि लेखी निवेदनाला किंमत असते तीही तिथेच. एकाच गोष्टीला अनेक बाजू असतात हे अनेकान्ताच्या संस्कारात वाढलेल्यांना वेगळे सांगावे लागत नाही. समितीच्या अहवालाला तर विरोधी सदस्यांची भिन्नमतपत्रेही जोडलेली असतात. २२ जुलै २०१५ च्या अहवालात समितीने तो टक्का काढला नाही, पण मोबदला घेऊन केलेल्या पुरवठ्यापुरताच तो मर्यादित ठेवावा असे सुचवले. इचलकरंजी ते बेळगाव हा प्रवास तेवढ्याने मोकळा होणार होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अरविंद सुब्रमण्यन यांच्या समितीने हा कर संपूर्ण वगळावा असा अभिप्राय दिला. शेवटी ३ ऑगस्ट २०१६ रोजी राज्यसभेने विधेयक मंजूर केले, ते सरकारनेच आणलेल्या दुरुस्त्यांसह आणि त्या टक्क्याविना. राज्यांच्या भरपाईची भाषाही त्याच वेळी पालटली: संसद भरपाई ‘देऊ शकेल’ याऐवजी ‘देईल’, आणि ‘पाच वर्षांपर्यंत’ याऐवजी ‘पाच वर्षे’. एवढ्या फरकासाठी राज्ये अडून बसली होती आणि ते योग्यच होते.

बदललेले विधेयक ८ ऑगस्टला लोकसभेने पुन्हा संमत केले. संघराज्याशी निगडित दुरुस्ती असल्याने निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांची मान्यता आवश्यक होती. आसामने सर्वांत आधी, १२ ऑगस्टला, तर महाराष्ट्राने २९ ऑगस्टच्या विशेष अधिवेशनात ती दिली. ८ सप्टेंबर २०१६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली.

प्रत्यक्ष कराचे चार कायदे पुढच्या वर्षी आले, आणि ते धनविधेयके म्हणून. धनविधेयकावर राज्यसभा केवळ शिफारस करू शकते आणि तेही चौदा दिवसांच्या आत. २९ मार्च २०१७ रोजी लोकसभेने ती मंजूर केली, ६ एप्रिलला राज्यसभेने परत पाठवली, १२ एप्रिलला संमतीही मिळाली. त्याआधी जून आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये आदर्श कायद्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. सूचना पाठवण्याची वेळ तीच होती. पुष्कळ पेढ्यांनी तो मसुदा उघडला तो कायदा लागू झाल्यावर.

मात्र दुकानदाराला रोज भिडणारा दर या कायद्यांतही नाही. केंद्राच्या कायद्यात वीस टक्क्यांची कमाल मर्यादा तेवढी आहे. त्याखालचा दर वस्तू व सेवा कर परिषदेच्या शिफारशीवरून अधिसूचनेने ठरतो. परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, राज्यांचे दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश मते लागतात. म्हणजे दराबाबतचे गाऱ्हाणे खासदाराइतकेच राज्याच्या अर्थमंत्र्याकडे जायला हवे. अधिसूचना संसदेपुढे ठेवावी लागते आणि संसद तीत बदलही करू शकते. पण अंमल त्यासाठी थांबत नाही.

एक टक्का हटवायला एकोणीस महिने लागले होते. २०२२ मध्ये परिषदेची बैठक २८ व २९ जूनला चंडीगडला झाली, अधिसूचना १३ जुलैला निघाली आणि १८ जुलैपासून पंचवीस किलोपर्यंतच्या, आधीच बांधून लेबल लावलेल्या धान्य, डाळी व पिठाच्या पिशवीवर पाच टक्के कर सुरू झाला. संसदेचे पावसाळी अधिवेशन त्याच दिवशी सुरू होत होते.