दारातली गाडी आणि पाच तारीख

परवा एका मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला गेले होते. अंगणात पांढरी गाडी, वर कव्हर आणि कव्हरावर कडुनिंबाचा पाला साचलेला. "हल्ली बाहेर काढत नाही का गं?" मी सहज विचारून बसले आणि तिचा चेहराच उतरला. यजमानांची एमआयडीसीतली नोकरी जाऊन तीन महिने झालेत. सासूबाईंना पत्ता नाही. ते रोज डबा घेऊन बाहेर पडतात आणि गाडीचा हप्ता पाच तारखेला न चुकता दारात हजर! आतापर्यंत मुदत ठेव मोडून भागवलं. आता पाटल्या गहाण टाकायचा विचार चाललाय.

मैत्रिणींनो, मला धडकी भरली ती या पाटल्यांची. सोनं टिकतं, गाडी दर वर्षी स्वस्त होते. स्वस्त होणाऱ्या वस्तूसाठी सोनं गहाण, म्हणजे एक कर्ज फेडायला दुसरं कर्ज!

खरं तर हप्ता थकण्याआधीच बँकेत जायला हवं. एकदा हप्ता परत गेला की आपली बँकही दंड लावते आणि कर्ज देणारीही. नव्वद दिवस थकला की खातं बुडीत खात्यांत जमा होतं. त्याआधी नोकरी गेल्याचं पत्र जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या, मुदत वाढवून मागा. बँक देईलच असं नाही, पण मागायला लाज कसली? दिली तरी ती फुकट नसते, हेही लक्षात घ्या. सहा लाखांचं कर्ज, दहा टक्के व्याज, पाच वर्षं, तर हप्ता येतो १२,७४८ रुपये. दोन वर्षं फेडल्यावर तीन लाख पंचाण्णव हजार उरतात. ते पुन्हा पाच वर्षांवर नेले तर हप्ता ८,४०० च्या आसपास येतो, पण एकूण पंचेचाळीस हजार जास्त जातात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हप्त्यांना सवलत मिळाली, तेव्हाही व्याज चालूच होतं. ते माफ झालं असं समजून पुष्कळजण फसले.

आणि "इथे सही कर" म्हटल्यावर आपण केलेली ती सही! तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार असाल तर थकबाकी तुमच्याही सिबिलमध्ये दिसते. उद्या शिलाई मशीनसाठी किंवा लेकीच्या शिक्षणासाठी कर्ज मागाल तेव्हा ती आडवी येईल. गाडीची पूजा करताना नारळ फोडतो, पेढे वाटतो. करार मात्र कोणी वाचत नाही!

वसुलीवाले येतात ते बहुधा दुपारी, घरात आपण एकट्या असताना. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर त्यांनी फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे. गुंड पाठवून गाडी उचलून नेण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच ताशेरे ओढलेत. दमदाटी झाली तर तारीख-वेळ लिहून ठेवा, बँकेकडे लेखी तक्रार करा. दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

पण माझं विचाराल तर, चार-सहा महिन्यांत नोकरीची खात्री नसेल तर गाडी आपणच विकावी. बँकेने ओढून नेऊन लिलावात काढली तर कमी भाव येतो आणि उरलेली रक्कम आपल्याकडूनच वसूल होते. आरसी बुकावर बँकेचं नाव असतं, म्हणून आधी बँकेकडून बाकीचा आकडा लेखी घ्यायचा. मुदतीआधी फेडायचं शुल्क किती, तेही विचारायचं. पैसे भरले की ना हरकत दाखला घेऊन आरटीओत बोजा उतरवायचा. आलेल्या पैशांतून कर्ज पूर्ण फिटेल का, याचा हिशेब आधी मांडा हं, नाहीतर गाडीही जाते आणि हप्ताही राहतो.

"लोक काय म्हणतील?" मैत्रिणीने विचारलंच. मी म्हटलं, लोक हप्ता भरतात का?

रविवारी गाडी बघायला गिऱ्हाईक येणार आहे. सासूबाईंना शनिवारी सांगायचं ठरलंय, दोघांनी मिळून.