नाडी पाहिली, मन कोण पाहणार?

‘टेन्शन घेऊ नका’ हे आपल्या दवाखान्यांतील सर्वांत स्वस्त औषध आहे. छातीत धडधडते म्हणून आलेल्या बाईचा ईसीजी काढला जातो, तो निर्दोष निघतो आणि या तीन शब्दांवर तिची बोळवण होते. परंतु ईसीजी निर्दोष आहे म्हणून बाई निरोगी ठरत नाही. डिप्रेशन हा आजार आपल्याकडे स्वतःचे नाव सांगत क्वचितच येतो. तो डोकेदुखी, अंगदुखी, मेलेली भूक आणि पहाटे तीनलाच उघडणारे डोळे यांच्या रूपाने येतो. फॅमिली डॉक्टरने हे ओळखायचे नाही, तर कोणी?

‘हे काम मनोविकारतज्ज्ञांचे, आमचे नव्हे’ असे काही डॉक्टर सांगतात. ऐकताना हा नम्रपणा वाटतो. वस्तुतः ते अंग काढून घेणे होय. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नेहमी आढळणाऱ्या मनोविकारांच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांना उपचारच मिळत नव्हते. (सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणून आपण सुटलो, असे कोणी समजू नये.) मूठभर तज्ज्ञ एवढ्या रुग्णांना कसे पुरणार?

शेजारच्या गोव्याचे उदाहरण पाहा. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे केलेल्या ‘मानस’ चाचणीचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. ज्या सरकारी आरोग्य केंद्रांत डॉक्टरांच्या जोडीला प्रशिक्षित स्थानिक समुपदेशक दिले, तेथे सहा महिन्यांनी शंभरातील सुमारे ६६ रुग्ण बरे झाले. जेथे दिले नाहीत, तेथे सुमारे ४२. खाजगी डॉक्टरांकडे मात्र समुपदेशक असो वा नसो, बरे होणाऱ्यांचे प्रमाण जवळजवळ सारखेच, साठीच्या पुढे, राहिले. याचा अर्थ मी असा लावतो की, ओळखीच्या डॉक्टरपाशी माणूस मोकळा होतो आणि ते मोकळे होणे हाही उपचाराचाच भाग आहे. ही पुंजी हाताशी असताना आमचे डॉक्टर ती वापरत नाहीत, एवढीच माझी तक्रार आहे.

वापरतात ती झोपेची गोळी. अल्प्राझोलामसारख्या औषधांची सवय जडते, म्हणूनच २०१४ पासून त्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवणे औषध दुकानदारांवर बंधनकारक आहे. तरीही ‘रात्री अर्धी घ्या’ हा सल्ला वर्षानुवर्षे चालू राहतो. उलट डिप्रेशनवरील औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरे वाटू लागल्यावरही ते किमान सहा महिने घ्यावे लागते. एवढे सांगायला दोन मिनिटे पुरतात. ती दिली जात नाहीत, म्हणून रुग्ण दहाव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणत औषध सोडतो आणि दोष औषधाला लागतो.

आपणही साळसूद नाही. सासूबाई सुनेबरोबर आत शिरतात आणि तिच्या वतीने स्वतःच बोलतात. मुलीचे लग्न अडेल म्हणून चिठ्ठी घेऊन दुसऱ्या गावच्या केमिस्टकडे जातात. मधुमेहाची फाइल काखेत मिरवणारे आपण ही फाइल मात्र कपाटात लपवतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तो घरच्या माणसांनीच आधी मोडावा?

डॉक्टरांनी नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर बसवावे आणि सरळ विचारावे : ‘जगणे नकोसे वाटते का?’ विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही समजूत खोटी आहे. उत्तर ‘हो’ असेल, तर रुग्णाला एकटे न सोडता त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पाठवावे आणि परतल्यावर त्याचा पाठपुरावा स्वतः करावा. शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र चालू आहे. हा क्रमांक दवाखान्याच्या भिंतीवर, औषध कंपनीच्या कॅलेंडरशेजारी, ठळक अक्षरांत लावावा.