यंत्राने माणूस ओळखावा, याचेही शिक्षण असते



मूल, सावली, सिंदेवाही भागात हिंडताना करप्या-तुडतुड्याच्या प्रश्नांबरोबर आता आणखी एक प्रश्न कानी येतो. "साहेब, पोरगी पदवीधर झाली. आता मानव-संगणक संवादाचा सर्टिफिकेट कोर्स करतो म्हणते. हे आहे तरी काय? आणि त्यात पैसा घालावा का?" प्रश्न रास्त आहे. धान विकून आलेला पैसा मोजूनच खर्च करावा लागतो. म्हणून आज पिकाऐवजी याच विषयावर बोलू.

इंग्रजीत या विषयाला ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शन म्हणतात. नाव मोठे असले तरी गोष्ट आपल्या रोजच्या पाहण्यातली आहे. धानातले तण काढायच्या कोनोवीडरचा दांडा उंच असला, तर बाईमाणसाचे खांदे भरून येतात आणि अवजार घराच्या कोपऱ्यात पडून राहते. दोष बाईचा नाही, दांड्याचा आहे. मोबाईल आणि संगणकाचेही असेच आहे. ते वापरणाऱ्याच्या हाताला, डोळ्याला आणि समजुतीला जुळतात की नाही, हे तपासून सुधारण्याचे शास्त्र म्हणजे हा विषय.

याचे मूळ दुसऱ्या महायुद्धात सापडते. अमेरिकेची बी-१७ विमाने धावपट्टीवर उतरल्यावर वैमानिक पंखांच्या झडपांऐवजी चुकून चाकेच वर घेत आणि विमान पोटावर आपटे. वैमानिक बेफिकीर आहेत असे म्हणणे सोपे होते. पण अल्फोन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिले, की दोन्ही खटके सारखेच दिसतात आणि शेजारी-शेजारी आहेत. त्याने चाकांच्या खटक्याला चाकाच्या आकाराची मूठ सुचवली आणि झडपांच्या खटक्याला पाचरीसारखी. न पाहताही हाताला फरक कळू लागला.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरणही आहे. मुंबईच्या आयआयटीत १९६९ साली इंडस्ट्रियल डिझाईन सेंटर सुरू झाले. तिथले प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोबाईलवर मराठी लिहिण्यासाठी 'स्वरचक्र' तयार केले. ते २०१३ साली लोकांच्या हाती आले. त्यात अक्षरे आपल्या वर्णमालेच्या क्रमाने मांडली आहेत. 'क' वर बोट ठेवले की भोवती का, कि, की असे चक्र उमटते. शाळेत बाराखडी शिकलेल्या माणसाला नवे काही पाठ करावे लागत नाही.

आपल्या शिवाराशी याचा संबंध काय? २०२१ सालापासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करायची ठरली. कल्पना चांगली. पण बांधीत उभे राहिल्यावर उन्हात पडदा दिसत नाही, चिखलाच्या बोटाने बटण दबत नाही आणि जंगलपट्टीत टॉवर सापडत नाही. सातबाऱ्यावर नोंद राहिली, तर आधारभूत केंद्रावर धान देताना अडचण येते. म्हणजे पडद्यावरचे एक बटण कुठे असावे, हा थेट आपल्या पोटाचा प्रश्न झाला. ते ठरवणाऱ्यांमध्ये रोवणी केलेले कोणी असावे, असे मला मनापासून वाटते.

आता शिक्षणाचे. ग्रॅज्युएट सर्टिफिकेट म्हणजे पदवीनंतरचा छोटा अभ्यासक्रम. परदेशी विद्यापीठांत त्यात साधारण चार-पाच विषय असतात. ती पदव्युत्तर पदवी नव्हे, हे ध्यानात ठेवा. वापरणाऱ्याला त्याच्या जागी जाऊन पाहणे, त्याची अडचण समजून घेणे, कागदावर नमुना काढणे, तो लोकांच्या हाती देऊन तपासणे आणि पुन्हा सुधारणे, हा त्याचा गाभा. पूर्ण पदव्युत्तर शिक्षण हवे असेल, तर मुंबईच्या त्याच केंद्रात इंटरॅक्शन डिझाईनचा एम.डेस. अभ्यासक्रम आहे. त्यासाठी सीड ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते.

पैसे भरण्यापूर्वी चार गोष्टी करा.

एक, प्रमाणपत्र कोण देणार ते विचारा. विद्यापीठ देणार की नुसती शिकवणी चालवणारी कंपनी, यात फार अंतर आहे.

दोन, "नोकरीची हमी" असे छापले असेल, तर ती हमी लेखी मागा. बियाण्याचे बिल मागतो तसेच हे.

तीन, आधी फुकट शिकून पाहा. केंद्र सरकारच्या २०१७ साली सुरू झालेल्या 'स्वयम्' व्यासपीठावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे या विषयावरचे पाठ झाले आहेत. शिकायला पैसे पडत नाहीत. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तरच फी भरावी लागते.

चार, घरीच कल पाहा. मुलीने आजीच्या हाती मोबाईल द्यावा, एक काम सांगावे आणि शेजारी गप्प बसावे. आजीचे बोट कुठे थांबते, ती कशाला घाबरते, हे वहीत लिहावे. मध्येच "अगं, इथे दाब" म्हणायचे नाही. अशा पाच माणसांजवळ बसून ज्याचा कंटाळा वाढण्याऐवजी कुतूहल वाढते, त्याने या वाटेला जावे. ज्याला केवळ पगाराचा आकडा दिसतो, त्याने थांबावे.

पाहण्याची ही शक्ती आपल्या मातीला परकी नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, जपल्या, वर्षानुवर्षे निवडल्या आणि त्यातून एचएमटी धान उभे राहिले. त्यांच्याकडे मोठी पदवी नव्हती, नजर होती. पदवीबरोबर तशी नजर असेल, तर कर्ज न काढता पुढचे पाऊल जरूर टाका.

आणि घरात कोणी हा कोर्स करो वा न करो, मोबाईलवर काम अडले तर "आपल्याले समजत नाही" म्हणून गप्प बसू नका. कुठे अडले ते कृषी सहायकाला, तलाठ्याला नेमके सांगा. दांडा उंच आहे हे सांगितल्याशिवाय कोणी तो कापत नाही.