करून पाहा : पितळ उघडं पाडू या!

दोस्तांनो, आजीच्या पानाच्या डब्याकडे कधी नीट पाहिलंय? जिथे रोज हात लागतो तिथे तो पिवळाधमक दिसतो आणि नक्षीच्या खाचांत काळपट तपकिरी. हा मळ नव्हे बरं का! पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू. हवेतला प्राणवायू, दमटपणा आणि गंधकाचा अंश यांच्याशी गाठ पडली की तो वरून गडद होत जातो. त्याला वर्षं लागतात. आपण ते काम रात्रीत उरकू.

ड्रॉवरची मूठ किंवा पडद्याची कडी अशी नवी वस्तू घ्या. आधी लोहचुंबक लावा. चिकटलं तर आत लोखंड, वर नुसता मुलामा. म्हणजे पितळ तिथेच उघडं पडलं! नव्या वस्तूवर बहुधा पारदर्शक वॉर्निशचा थर असतो. तो असेपर्यंत रंग चढणार नाही. आई किंवा बाबांना तो नेलपॉलिश रिमूव्हरने काढायला सांगा. खिडकी उघडी ठेवा, आणि जवळ गॅस, उदबत्ती काही पेटतं नको. मग चिंच-मिठाने घासा, धुवा, पुसा. आता बोटं लावायची नाहीत, तेलकट ठसे उमटतात.

दोन अंडी कडक उकडा, गरम असतानाच कुस्करून झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा. शेजारी एका वाटीत आपली वस्तू. अंड्याला चिकटू देऊ नका. झाकण घट्ट लावा. अंड्यातून गंधकयुक्त वायू निघतो (वास तुम्ही ओळखालच!) आणि पितळ हळूहळू तपकिरी होतं. अंडी नंतर फेकून द्या. घरात अंडी चालत नसतील, तर व्हिनेगरमध्ये भिजवलेला कागद डब्याच्या तळाशी ठेवा आणि वस्तूला मिठाचं पाणी लावा. यात हिरवट डागही येतात. मला हेच जास्त आवडतात. व्हिनेगरमध्ये ब्लीच मात्र चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो.

खरी गंमत पुढेच. वस्तू धुऊन वाळवा आणि उंचवट्यांवरून बारीक पॉलिशपेपर हलकेच फिरवा. खाचा काळ्याच राहू द्या. वर थोडं मेण चोळलं की झालं.

ताट-वाटी, तांब्या यांवर हा प्रयोग नको. हिरवा थर पोटात जाणं वाईट. आणि ती मूठ कुणाला 'पणजोबांच्या काळची' म्हणून खपवू नका हं! १९७२ च्या कायद्याप्रमाणे धातूची कलावस्तू 'पुरावस्तू' ठरायला निदान १०० वर्षांची असावी लागते.

आपण चढवलेला रंग नाही आवडला, तर चिंचेने निघतो. पण आजीच्या डब्यावरचा खराही तसाच निघतो, आणि तो मात्र रात्रीत परत येत नाही. तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत डबा घासायला घेण्याआधी आजीला विचारा. झाकणावर नाव कोरलेलं असेल, तर ते कुणाचं, हेही विचारून घ्या.