पायांतलं बळ मोजा

सोलापूरच्या पूर्व भागात, साखर पेठेपासून कुंभारीच्या विडी घरकुलापर्यंत, साठी ओलांडलेल्या बायकांच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं: ‘वय झालं, आता असंच चालायचं.’ उठताना जमिनीला हात टेकावा लागतो, भरलेली घागर उचलवत नाही, चार पायऱ्या चढल्या की दम लागतो, वर्षभरात अंगावरचे कपडे सैल झाले. घरची माणसं हे सगळं वयावर टाकून मोकळी होतात आणि पुष्कळदा डॉक्टरही तेच करतात. हे थांबायला हवं. म्हातारपण कुणाला चुकलेलं नाही. पण ही क्षीणता बरीचशी टाळता येते आणि वेळीच ओळखली तर हटवताही येते.

तिच्या खुणा स्पष्ट आहेत. अमेरिकेतल्या डॉ. लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली त्या पाच सांगितल्या: प्रयत्न न करता घटलेलं वजन, सततचा थकवा, हाताची ढिली पकड, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल. यांतल्या तीन दिसल्या तर माणूस क्षीण झाला असं धरतात. एक-दोन दिसल्या तर तो त्या वाटेवर आहे. अशा शरीराला साधा तापही झेपत नाही. मोरीत पाय घसरतो, खुब्याचं हाड मोडतं, माणूस अंथरुणाला खिळतो आणि पडून राहिल्याने उरलेलं बळही जातं. २००७ सालच्या एका अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस झोपवून ठेवलं, तर तेवढ्यात त्यांच्या पायांतलं जवळपास एक किलो मांस झडलं. पुढे परावलंबन, पुन्हा पुन्हा दवाखाना आणि लवकर येणारा मृत्यू, अशी ही उतरंड आहे.

सोलापूरला याची काळजी अधिक वाटायला हवी. विडी वळणाऱ्या बाईची बोटं दिवसभर चालतात, पण मांडी घालून तासन्‌तास बसल्याने मांड्यांना काम मिळत नाही. यंत्रमागावरचा कामगार पाळीभर उभा असतो. माग सुटला की त्याची हालचालच संपते. कमाई थांबली की ताटही आटतं. दात गेले की कडक भाकरी आणि शेंगाचटणी सुटते, चहा-खारीवर वेळ निघते आणि स्नायूंना लागणारी प्रथिनं तिथेच तुटतात. भविष्य निर्वाह निधीचं किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून महिना एक हजार रुपयेच आहे. त्यात डाळ, अंडी, दूध किती येणार?

सरकारने ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न घालता, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांचं वय वंदना कार्ड दिलं. ते स्वागतार्हच आहे. पण ते उपयोगी पडतं रुग्णालयात दाखल झाल्यावर. खुबा मोडल्यावर पैसा आहे. तो मोडू नये म्हणून पायांत बळ आणण्याची सोय नाही.

बळ येतं का? येतं. बोस्टनच्या डॉ. मारिया फियाटारोन यांनी वृद्धाश्रमातल्या, सरासरी ८७ वर्षांच्या माणसांकडून दहा आठवडे वजनांचा व्यायाम करून घेतला. त्यांची स्नायूंची ताकद दुपटीहून वाढली. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातली दुसरी गोष्ट आपल्याकडे तर घरोघर सांगायला हवी: व्यायामाशिवाय नुसतं पोषक पेय दिलेल्यांची क्षीणता हटली नाही. टॉनिकच्या बाटल्यांवर घरातले पैसे घालवणाऱ्या मुलासुनांनी आईला रोज हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठवावं, आधी डॉक्टरांना विचारून. त्याचा गुण अधिक येईल.

महापालिकेने एवढं तरी करावं. आशाताईंच्या तपासणी फॉर्मात साठीपुढच्यांसाठी उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का, हा प्रश्न आहेच. ‘हो’ या उत्तरानंतर पुढे काहीतरी घडलं पाहिजे. प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखरेबरोबर वजन आणि पायांतलं बळ मोजावं. त्याला लागते एक खुर्ची आणि एक घड्याळ: हातांचा आधार न घेता पाच वेळा उठणं-बसणं १४ सेकंदांत जमतं का, ही जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली चाचणी आहे. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी वस्तीतल्याच समाजमंदिरात, मराठीत आणि तेलुगूत शिकवणारा व्यायामवर्ग असावा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने त्यासाठी माणसं तयार करून द्यावीत.

या शहराची चादर ज्यांनी विणली आणि ज्यांच्या विड्यांवर हजारो घरं चालली, त्यांना शेवटची वर्षं स्वतःच्या पायांवर काढता यावीत, ही त्यांची हक्काची मागणी आहे. तिला वयाचं कारण सांगून परत पाठवू नका.