समजून घ्या : ब्रिटिश संगणक, देशी पाटी, शाळांमधल्या ‘युनिकॉर्न’चे पुढे काय झाले?

अहिल्यानगर : शाळेला संगणक आले की फीत कापली जाते, फोटो निघतो. तीन वर्षांनी त्यातले किती सुरू आहेत, हे पाहायला कुणी येत नाही. अकोल्यापासून जामखेडपर्यंतच्या पालकांना हे नवीन नाही. पण हा प्रकार टॅबच्या जमान्यातला नव्हे, चाळीस वर्षांपूर्वीचा आहे.

डिसेंबर १९८१ मध्ये केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने ‘बीबीसी मायक्रो’ हा घरगुती संगणक आणला. मेमरी ३२ केबी. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक फोटोही त्यात मावणार नाही. मोहालीच्या ‘सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड’ (एससीएल) या सरकारी कंपनीने एकॉर्नशी करार केला आणि तोच संगणक भारतात ‘एससीएल युनिकॉर्न’ झाला. आत सगळे ब्रिटिश, वर पाटी आपली.

त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ‘डेसिबेल्स’ या खासगी कंपनीनेही ब्रिटनचा ‘स्पेक्ट्रम प्लस’ परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ नावाने विकला. दुसऱ्याचे यंत्र उघडून, जोडून शिकणे हा तंत्रज्ञान आत्मसात करण्याचा जुना मार्ग आहे. अडले ते पुढे.

१९८४-८५ मध्ये केंद्राने ‘क्लास’ ही शालेय संगणक साक्षरता योजना सुमारे अडीचशे शाळांत सुरू केली. पुढे देशभरात १२ हजार बीबीसी मायक्रो वाटले गेले, २,५९८ शाळांत. म्हणजे शाळेमागे सरासरी पाचही नाहीत. मुलांच्या वाट्याला किती मिनिटे आली असतील, हिशेब ज्याने त्याने करावा.

ब्रिटनमध्ये याच संगणकासोबत बीबीसीची टीव्ही मालिका होती, पुस्तके होती, घरी सराव करणारी मुले होती. आपल्याकडे यंत्र आले, भोवतालचे हे सगळे आलेच नाही. सुरुवातीचे बरेचसे सॉफ्टवेअरही तिकडचेच, इंग्रजी. त्यात फेब्रुवारी १९८९ मध्ये मोहालीच्या कारखान्याला भीषण आग लागली आणि देशाची चिप बनवण्याची क्षमता कित्येक वर्षे मागे गेली.

आता याच यंत्राची दुसरी गोष्ट. एकॉर्नमध्ये सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी नवा प्रोसेसर रचला. एप्रिल १९८५ मध्ये तो पहिल्यांदा चालला, तोही बीबीसी मायक्रोला जोडून. त्याचे नाव आर्म. ही बातमी तुम्ही ज्या फोनवर वाचताय, त्याचा प्रोसेसर बहुधा त्याच घराण्यातला आहे.

आपल्याकडे देखभालीचा विचार झाला, पण उशिरा. आठव्या पंचवार्षिक योजनेत (१९९२-९७) या बीबीसी मायक्रोंच्या देखभालीसाठी वार्षिक अनुदान ठेवले गेले. तोवर जग विंडोजकडे वळले होते.

डिसेंबर २००४ मध्ये ‘आयसीटी’ योजना आली. राज्यात कंपन्यांना पाच वर्षांचे कंत्राट देऊन शाळांत संगणक कक्ष उभे राहिले. मुदत संपली तशी संगणक शिक्षकांची नोकरीही संपली. त्यांना आंदोलने करावी लागली. कक्ष शाळेकडे राहिला, शिकवणारा गेला.

डब्यावर कुणाचे नाव आहे, चिनी की देशी, यावर वाद भरपूर होतात. शाळा व्यवस्थापन समितीने त्याऐवजी खरेदीच्या कागदातली एकच ओळ मागून घ्यावी : चौथ्या वर्षी बॅटरी कोण बदलणार आणि त्याचे पैसे कुठल्या लेखाशीर्षातून येणार?