एक कान मोकळा ठेवून

मैत्रिणींनो,

गेल्या अंकात आम्ही पुस्तकं सुचवली होती. त्यावर एका वाचकमैत्रिणीने कळवलं की वाचायला बसायलाच मिळत नाही, तेव्हा फोनवर ऐकता येतील अशी पुस्तकं सांगा. मी हौसेने यादी करायला घेतली आणि गटाच्या बैठकीत विषय काढला. तिथे लक्षात आलं, अडचण पुस्तकांची कमी आणि कानांची जास्त आहे.

एकजण म्हणाली, ‘दोन्ही कानांत इयरफोन घातले की सासूबाईंची हाक ऐकू येत नाही, कुकरच्या शिट्ट्या चुकतात. मी एकच लावते.’ दुसरीकडे फोन आहे तो मुलाचा. तो झोपला की तिला मिळतो. तिसरी बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, ‘मला वाचता येत नाही. म्हणजे हे माझ्यासाठीच आहे ना?’

हो, तुझ्यासाठीच. आणि तुझ्याचकडून आलेलं. आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसून ओव्या रचत होत्या, एकमेकींना ऐकवत होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. ‘पारी’च्या संकेतस्थळावर 2017 पासून त्या प्रसिद्ध होत आहेत, कित्येक तर गाणारणीच्याच आवाजात. झोप उडालेली असेल त्या पहाटे ह्या ऐकाव्यात. आपल्यासारखंच कोणीतरी जागं होतं, एवढं कळलं तरी बरं वाटतं.

आता उरलेली यादी. चैत्र-वैशाखात पापड-कुरडयांसाठी चारचौघी जमतात, तेव्हा लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. वडिलांच्या सोवळ्याचा कहर काय, नवऱ्याचं धर्मांतर काय, बाई अशा सांगतात की हसता हसता डोळ्यांत पाणी यावं. हे पुस्तक एकटीने ऐकण्याचं नव्हेच.

पावसाळ्यात दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’. ते चैत्रापासून महिन्या-महिन्याने लिहिलेलं आहे. सगळं एकदम ऐकू नका. आषाढ लागला की आषाढ, श्रावण आला की श्रावण. शहरातल्या दोन खोल्यांत राहणारीलाही खिडकीबाहेरचं एखादं झाड नव्याने दिसू लागतं.

थंडीत रात्री मोठ्या असतात, तेव्हा बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ आणि ऊर्मिला पवार यांचं ‘आयदान’. पहिलं दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून लिहिलेलं. दुसऱ्याचं नावच आई विणत असे त्या बांबूच्या वस्तूंवरून आलेलं. ही ऐकताना हातातलं काम आपोआप थांबतं. थांबू द्या.

आणि राग आला असेल, म्हणजे कोणीतरी ‘तुम्हा बायकांचं हे असंच’ म्हणून गेलं असेल, तर ताराबाई शिंदे यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’. 1882 सालचं हे लहानसं पुस्तक मोठ्याने वाचलं की त्याची खरी धार कळते. शेजारच्या खोलीत ऐकू गेलं तरी चालेल.

आता थोडं टोचणारं. ध्वनिपुस्तकांचं कौतुक नेहमी एकाच गोष्टीसाठी होतं: काम करता करता ऐकता येतात. खरंच आहे, भांडी घासताना कानात दुर्गाबाई असतील तर भांड्यांचा ढीग लहान वाटतो. पण ढीग लहान होत नाही, आणि घासणारीही बदलत नाही. पुरुष आरामखुर्चीत पेपर वाचणार आणि आपण ओट्याशी उभं राहून साहित्य ऐकणार, ही काही समता नव्हे. म्हणून माझं एक मागणं आहे. आठवड्यातून एकदा अर्धा तास बसून ऐका. दोन्ही कानांनी. हाक आली तर दुसऱ्या कोणालातरी ओ देऊ द्या.

यादीतलं पुस्तक तयार ध्वनिपुस्तक म्हणून मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तर बैठकीत एकीने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. आवाज ‘रेडिओसारखा’ असण्याची काही गरज नाही. वऱ्हाडी, मालवणी, खानदेशी, जो हेल असेल तो असू द्या. जुनी पुस्तकं तर आपण ध्वनिमुद्रितही करू शकतो. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी पुस्तकाचे हक्क खुले होतात. लक्ष्मीबाई 1936 साली गेल्या. त्यांचं पुस्तक आपल्या सगळ्यांचं आहे. अलीकडच्या लेखिकांचं ध्वनिमुद्रण मात्र परवानगीशिवाय करू नये. त्यांच्या श्रमाचं मोल आपण नाही जाणलं तर कोण जाणणार?

त्या तिसऱ्या मैत्रिणीला आम्ही ‘स्मृतिचित्रे’ची सुरुवात वाचून दाखवली. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, ‘असं तर मलाही सांगता येईल.’ पुढच्या बैठकीत फोन तिच्यासमोर ठेवायचा, असं ठरलं आहे. यादीत एका पुस्तकाची जागा मी मोकळी ठेवली आहे.

तुमच्या याद्याही जरूर कळवा. कोणत्या ऋतूत, कोणत्या मनःस्थितीत काय ऐकलंत, आणि बसून ऐकलंत की उभ्याने, हेही लिहा.

तुमची,
संपादक